वह्या भरल्या, पुढे काय?

पत्र

लहानपणापासून वाचते. पुस्तकातलं वाक्य आवडलं की उतरवून ठेवायची सवय कॉलेजात लागली. आता सात वह्या झाल्यात, फोनमध्ये पानांचे फोटो आहेत आणि ई-बुकमधल्या पिवळ्या खुणा तर मोजलेल्याच नाहीत. अडचण अशी की यातलं काहीही मी परत वाचत नाही, आणि हवं ते वाक्य हव्या त्या वेळी सापडत नाही. अलीकडे तर असं व्हायला लागलंय की कादंबरी हातात घेतली तरी मी गोष्ट वाचत नाही, 'उतरवण्यासारखं' काय आहे ते शोधत पानं उलटते. नवरा म्हणतो, "दुसऱ्यांची वाक्यं गोळा करून काय होणार? स्वतःचं एखादं लिही की." ते लागलं. त्यात मागच्या महिन्यात घरच्या ग्रुपवर एका मोठ्या लेखकाच्या नावानं एक वाक्य टाकलं आणि ते त्यांचं नव्हतंच, हे भाच्यानं पुराव्यासकट दाखवून दिलं. हा छंद सोडून द्यावा का? की हे नीट करायची काही रीत आहे?
— वाक्यवेडी

उत्तर

वाक्यवेडी, नमस्कार.

सोडू नका. छंद सोडावा असं एकही कारण मला तुमच्या पत्रात दिसलं नाही. रीत बदलावी अशी तीन-चार दिसली.

आधी सगळ्यात वाईट गोष्टीकडे येते. वह्या पडून राहतात हे काही तितकं वाईट नाही, पडून राहिलेली वही कुणाचं नुकसान करत नाही. पण गोष्ट सोडून वाक्य हेरत पानं उलटणं वाचनाच्याच मुळावर येतं. कादंबरीतलं चांगलं वाक्य बहुतेक वेळा मागच्या दोनशे पानांच्या जिवावर चांगलं झालेलं असतं. ती पानं नजरेखालून नुसतीच सरकली, तर ते वाक्य समोर येऊनही ओळखू येत नाही. मग हाती लागतं ते सुटं, चकचकीत, कुठेही चिकटवता येईल असं वाक्य. तुमच्या वह्यांत अशीच वाक्यं जास्त असणार असा माझा अंदाज आहे. वह्या न बघता बोलतेय, तेव्हा खोटा ठरला तर सोडून द्या.

यावर उपाय साधा आहे, पण सुरुवातीला जड जाईल. पुढच्या दोन कादंबऱ्या एकही खूण न करता वाचायच्या. पेन, पेन्सिल, फोन काही जवळ घ्यायचं नाही. "अरे, हे निसटलं" असं वाटेल, वाटू द्या. जे खरोखर तुमचं आहे ते तुम्हाला मागे ओढून नेईल. पुस्तक संपल्यावर "डाव्या पानावर, खालच्या बाजूला कुठेतरी होतं" एवढं आठवत राहतं आणि मग माणूस पानं चाळत ते शोधून काढतो. असं शोधलेलं एक वाक्य वहीभर वाक्यांना भारी पडतं.

त्या दोन पुस्तकांनंतर खुणा करा, पण हलक्या. समासात पेन्सिलीचा एक ठिपका पुरतो. पुस्तक ग्रंथालयाचं किंवा दुसऱ्याचं असेल तर तोही नको, चिठ्ठी घाला. आणि वाचता वाचता उतरवायला बसू नका. पुस्तक संपवा, आठवडाभर बाजूला ठेवा, मग ठिपक्यांवरून फिरा. त्यातल्या निम्म्या ठिकाणी "इथे का बरं खूण केली होती?" असं होईल. ती वाक्यं तिथेच राहू द्या.

आता काय उतरवायचं, याबद्दल. आपल्याकडे फळ्यावर रोज एक सुविचार लिहायची सवय शाळेतच लागते आणि मग 'आवडलेलं वाक्य' म्हटलं की हात आपोआप सुविचाराकडे जातो. जीवन म्हणजे हे, प्रेम म्हणजे ते, दुःख माणसाला अमुक शिकवतं. ही वाक्यं वाईट नसतात, पण त्यांचा स्वभाव असा की ती वाचल्याबरोबर पटतात आणि पटल्याबरोबर संपतात. त्यापेक्षा काम करणारी वाक्यं बघा. एक उदाहरण मी इथेच रचते. समजा, एका कथेत आई वारल्यावर मुलाबद्दल लेखक लिहितो: 'आईच्या जाण्यानं त्याच्या आयुष्यात कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली.' आणि दुसऱ्या कथेत दुसरा लेखक लिहितो: 'तिसऱ्या दिवशी त्यानं आईचा चष्मा पुसला आणि डबीत ठेवून दिला.' पहिल्या वाक्याला वहीत उतरण्याची फार घाई असते. दुसऱ्यावरून तुमच्यासारखी वाक्य हेरणारी वाचक सरळ पुढे जाते, कारण त्यात मोठा शब्दच नाही. पण नीट बघा, 'पुसला' या क्रियापदात किती काय आहे. जो चष्मा आता कुणी घालणार नाही, तो कुणी कशाला पुसेल? आणि तिसऱ्याच दिवशी का? पहिले दोन दिवस माणसांच्या गर्दीत गेले असतील, हे वाचणाऱ्याचं वाचणाऱ्याला कळतं. असं वाक्य उतरवलंत तर वर्षभरानंतरही त्यात बघायला काहीतरी उरतं.

पात्र खोलीत कसं आलं, भांडण कुठल्या शब्दावर पेटलं, पाऊस न म्हणता पाऊस कसा दाखवला, एखाद्या शास्त्राच्या पुस्तकात अवघड गोष्ट एका ओळीत कशी मावली, हे सगळं वहीत यायला हवं. विनोदी वाक्यंही. बहुतेकांच्या वह्या विनाकारण गंभीर असतात.

उतरवताना वाक्य जसंच्या तसं यायला हवं, विरामचिन्हांसकट. मधलं काही गाळलंत तर तिथे तीन टिंबं द्या. खाली लेखक, पुस्तक, पान आणि आवृत्ती लिहा, कारण नव्या आवृत्तीत पानक्रमांक बदलतात. अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव हवंच, कारण मराठीत जे शब्द तुम्हाला भावले ते त्यानं निवडलेले आहेत. आणि एक गोष्ट जवळजवळ कुणीच लिहीत नाही: ते वाक्य कोण, कुणाला म्हणतंय. शेक्सपिअरच्या हॅम्लेटमधलं 'स्वतःशी प्रामाणिक राहा' हे वचन जगभर भिंतींवर टांगलेलं असतं. नाटकात ते पोलोनियसच्या तोंडी आहे. हा गृहस्थ अखंड उपदेश करणारा, पडद्याआडून दुसऱ्याचं बोलणं ऐकणारा आणि परदेशी गेलेल्या स्वतःच्या मुलावर माणूस धाडून पाळत ठेवायला सांगणारा. हे माहीत असलं की त्या वचनाची चवच बदलते. ते खोटं ठरत नाही, पण शेक्सपिअरनं ते त्याच्याच तोंडी का घातलं असेल, असा प्रश्न पडायला लागतो. सुटं उतरवलेलं वाक्य हा प्रश्न गिळून टाकतं.

भाच्याच्या प्रकरणानं ओशाळू नका, तुम्ही फार मोठ्या मंडळींच्या पंगतीत आहात. 'तुमचं म्हणणं मला मान्य नाही, पण ते म्हणण्याच्या तुमच्या हक्कासाठी मी प्राण देईन' हे अठराव्या शतकातल्या व्होल्तेअर या फ्रेंच लेखकाचं वाक्य म्हणून सगळीकडे सांगितलं जातं. ते त्याचं नाही. एव्हलिन बीट्रिस हॉल या लेखिकेनं टोपणनावानं लिहिलेल्या, १९०६ साली निघालेल्या इंग्रजी पुस्तकात ते आलं. व्होल्तेअरची वृत्ती काय होती हे ती सांगत होती, आणि ते सांगताना तिनं वाक्य अवतरणचिन्हांत घातलं. झालं. एवढ्याशा चिन्हांनी वाक्य तिच्याकडून निघून व्होल्तेअरच्या नावावर गेलं ते गेलंच. तुमच्या वहीतही हेच होऊ शकतं. लेखकाचं म्हणणं तुम्ही स्वतःच्या शब्दांत लिहिलं असेल तर त्याला अवतरणचिन्ह अजिबात नको. शक्य असेल तर शाईचा रंगच वेगळा ठेवा. पाच वर्षांनी वही उघडल्यावर कुठलं वाक्य पुस्तकातलं आणि कुठलं आपलं, हे माणसाला खरंच सांगता येत नाही. आणि जे वाक्य पुस्तकात स्वतः वाचलेलं नाही, कुठून तरी आयतं आलं आहे, ते या वहीत घेऊच नका. तो कचरा एकदा आत आला की निवडून काढता येत नाही.

आता नवऱ्याच्या टोमण्याबद्दल. टोमणा फार जुना आहे. स्टोइक पंथाचा रोमन तत्त्वज्ञ सेनेका इसवी सनाच्या पहिल्या शतकात, उतारवयात, ल्युसिलियस नावाच्या मित्राला पत्रं लिहीत असे. सुरुवातीच्या पत्रांत तो शेवटी एखादं निवडक वचन जोडायचा, आणि गंमत म्हणजे त्यातली बरीचशी एपिक्युरसची, म्हणजे प्रतिस्पर्धी पंथाच्या गुरूची असत. पुढे त्यानं ते बंद केलं. ल्युसिलियसला वाईट वाटलं असावं, त्यानं मागणी केली की आपल्याही पंथातल्या थोरांची अशी वचनं पाठव. ३३व्या पत्रात सेनेकानं चक्क नकार दिला. मुलांनी वचनं पाठ करावीत, पण वय वाढलेल्या माणसानं वहीतून शहाणपण काढून दाखवावं हे लाजिरवाणं आहे, असं त्याचं म्हणणं. पंथाचा संस्थापक झेनो असं म्हणाला. ठीक आहे, तू काय म्हणतोस?

म्हणजे तुमचे यजमान नकळत सेनेका बोलून गेले. त्यांना हे सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

पण याच सेनेकाचं ८४वं पत्रही आहे. त्यात तो म्हणतो की वाचलेलं मधमाश्यांसारखं वेचावं, आधी वेगवेगळं ठेवावं आणि मग आपल्या बुद्धीनं त्याचा एकच रस करावा. दोन्ही पत्रं एकत्र वाचली तर त्याचा राग वेचण्यावर नाही, हे लक्षात येतं. वेचून तिथेच थांबण्यावर आहे. आणि तुमच्या सात वह्यांत नेमकं तेच झालंय. त्यात सगळे बोलतात, फक्त तुम्ही बोलत नाही.

म्हणून माझा मुख्य सल्ला हा: यापुढे प्रत्येक वाक्याखाली एक ओळ तुमची. ती लिहिता येत नसेल तर वाक्य उतरवायचं नाही. 'खूप सुंदर' ही ओळ चालणार नाही, 'अगदी खरं' ही तर मुळीच नाही. मघाच्या चष्म्याच्या वाक्याखाली लिहायचं तर असं काही: 'दुःख हा शब्दच नाही. मी असते तर "ओक्साबोक्शी रडला" लिहून मोकळी झाले असते.' किंवा 'बाबांच्या वेळी मी घड्याळाला किल्ली दिली होती.' किंवा सरळ भांडण: 'हे पटत नाही. इतकं शांत कुणी राहत नाही.' भांडणाच्या ओळी सर्वांत उपयोगी पडतात, हा माझा पक्का ग्रह आहे. न पटलेली पण विसरता न येणारी वाक्यंही वहीत हवीत. एका ओळीच्या दोन झाल्या, दोनाचं पान झालं तर होऊ द्या. मग वही कुणाची, हा प्रश्न घरात कुणी विचारणार नाही.

सापडत नाही, ही तक्रार त्यामानानं लवकर सुटते. आधीच 'प्रेम', 'मृत्यू', 'निसर्ग' असे कप्पे पाडून पानं वाटू नका. प्रेमाची पानं दोन महिन्यांत भरतात आणि निसर्ग कोराच राहतो. वाक्यं येतील त्या क्रमानं लिहा, पानांना क्रमांक द्या आणि सूची करा. इंग्लंडच्या जॉन लॉकनं, तोच तो तत्त्वज्ञ, यासाठी एक पद्धत बसवली होती. ती १६८६ साली फ्रेंचमध्ये छापून आली आणि त्याच्या मृत्यूनंतर १७०६ मध्ये इंग्रजीत. प्रत्येक नोंदीला एक शीर्षक-शब्द द्यायचा, त्या शब्दाचं पहिलं अक्षर आणि त्यानंतर येणारा पहिला स्वर घ्यायचा, आणि सूचीत त्या जोडीसमोर पान टाकायचं. अख्ख्या वहीची सूची दोन पानांत बसते. देवनागरीत आपल्याला यातली अर्धी मेहनतही नाही, बाराखडी त्यासाठीच बसवल्यासारखी आहे. वहीची शेवटची चार-पाच पानं कोरी सोडा, कडेला अ पासून ज्ञ पर्यंत अक्षरं उभी लिहा. मग 'म'च्या ओळीत 'मा', 'मृ', 'मै' असं लिहून पुढे पानक्रमांक टाकत जा. 'मै' म्हणजे मैत्री हे तुम्हाला कळतं, दुसऱ्याला कळायची गरज नाही. शीर्षक-शब्द मात्र ढोबळ घेऊ नका. 'जीवन' घेतलात तर सगळी वहीच त्याखाली जाईल. 'चष्मा' घ्या, 'उशिरा दिलेलं उत्तर' घ्या, 'चुलता' घ्या.

फोटो आणि ई-बुकच्या खुणा हा कच्चा माल समजा, संग्रह नव्हे. फोटो काढायचाच तर आधी मुखपृष्ठाचा आणि मग पानाचा, क्रमांक दिसेल असा. फोटोतून मजकूर आपोआप उचलणारी सोय वापरलीत तर मूळ पानाशी ताडून घ्या, मराठीत अनुस्वार गळतात आणि जोडाक्षरं फुटतात. किंडलमधल्या खुणा एका फाइलमध्ये जमतात खऱ्या, पण बऱ्याच पुस्तकांना प्रकाशकानं मर्यादा घातलेली असते. तिच्यापलीकडच्या खुणांचा मजकूर बाहेर काढता येत नाही. तेव्हा सगळं आपोआप जपलं जातंय, या भरवशावर राहू नका.

परत वाचणं होत नाही, त्याला एकच नियम सांगते: नवीन वाक्य लिहायला वही उघडली की आधी जुनं कुठलंही एक पान वाचायचं. त्यातल्या एका वाक्यावर हात ठेवायचा आणि ते आठवून म्हणायचं. ओळींखाली रेघा मारणं किंवा तेच तेच वाचणं याचा लक्षात राहायला फारसा उपयोग नाही, आठवून बघण्याचा मात्र चांगला होतो, असा निष्कर्ष मानसशास्त्रज्ञ जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा पद्धती तपासून काढला होता. तो विद्यार्थ्यांसाठी होता, पण वहीलाही लागू पडावा. शिवाय यात एक मजा आहे. तुम्हाला वाक्य जवळजवळ आठवतं, एखादा शब्द चुकतो. तो चुकलेला शब्द मूळ शब्दाशेजारी ठेवून बघा. बहुतेक वेळा तुमचा शब्द जास्त सरावाचा असतो आणि लेखकाचा जास्त नेमका. क्वचित उलटंही होतं, तेव्हा खुशाल फुशारकी मारा.

'स्वतःचं लिही' याला खरं उत्तर इथूनच निघतं. पुढे अमेरिकेचा मोठा मुत्सद्दी झालेला बेंजामिन फ्रँकलिन भावाच्या छापखान्यात उमेदवारी करत होता तेव्हा त्याच्या हाती 'स्पेक्टेटर' या नियतकालिकाचा एक खंड लागला. त्यातले लेख घेऊन तो प्रत्येक वाक्याचा आशय दोन-चार शब्दांत टिपून ठेवी, काही दिवस जाऊ देई आणि मग त्या टिपणांवरून लेख आपल्या शब्दांत पुन्हा उभा करी. नंतर मूळ लेख काढून आपल्या चुका दुरुस्त करी. हे त्यानं स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. तुमच्याकडे सात वह्या तयार आहेत. महिन्यातून एखादं वाक्य घेऊन एवढं केलंत तरी खूप झालं. आणि नाहीच लिहावंसं वाटलं तर? तर नका लिहू. विद्याकर नावाच्या बौद्ध पंडितानं इसवी सन ११००च्या सुमारास बंगालमध्ये संस्कृत सुभाषितांचा संग्रह केला, सतराशेहून अधिक श्लोकांचा. १९५७ साली दा. ध. कोसंबी आणि व्ही. व्ही. गोखले यांनी तो संपादून छापला. आज विद्याकराचं नाव निघतं ते या संग्रहामुळे, आणि त्यातल्या कित्येक कवींचं नावही आपल्याला अशाच संग्रहांमुळे ठाऊक आहे. आपल्याकडच्या संतांच्या कितीतरी रचनासुद्धा कुणीतरी आवडीनं उतरवून घेतलेल्या बाडांतून टिकल्या. उतरवणाऱ्यांत स्वतः लिहिणारे किती होते, कुणी विचारलेलं नाही.

राहता राहिल्या जुन्या सात वह्या. त्या टाकू नका आणि त्यांची सूचीही करत बसू नका, त्या कामात छंदावरचं मनच उडेल. नवीन वही घ्या. जुन्यांपैकी एक जवळ ठेवा, अधूनमधून चाळा. एखादं वाक्य अजून जिवंत वाटलं तर मूळ पुस्तकाशी ताडून, खाली आपली ओळ लिहून नव्या वहीत आणा. ज्यांच्याखाली पुस्तकाचं नावच नाही, ती जिथे आहेत तिथेच राहू द्या. फोनमधले ज्या पानांचं पुस्तक ओळखू येत नाही ते फोटो उडवा. आणि घरच्या ग्रुपवर दोन ओळींची दुरुस्ती टाका: ते वाक्य त्यांचं नाही, कुणाचं आहे ते शोधतेय. शोधायच्या कामाला भाच्यालाच लावा, पोरगं चौकस दिसतंय.